तीन कोपरांची सगुणाक्का

मुलांनो, हार घालायच्या फोटोत दात दिसलेले चालतात का?

एका जंगलातल्या एका वानराने हा प्रश्न सगळ्यांना विचारला. अस्वलाला विचारला, सुतार पक्ष्याला विचारला, चुलत आजोबांना विचारला. कावळ्यालाही विचारला. कुणीच उत्तर दिलं नाही. तुम्हीही देऊ नका. आता उशीर झाला आहे.

त्या वानराचं नाव तुळशा. घुबडगुरुजींच्या शाळेत तो दुसरीपर्यंत शिकला. गुरुजी रात्री जागे आणि तुळशा दिवसा जागा, त्यामुळे दोन वर्षांत दोघांची भेट चारदा झाली. चार भेटींत जेवढं येतं तेवढं त्याला येतं. तेव्हा गोष्टीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही ओळखलंच असेल. तो तुळशा म्हणजे मी. 'एका जंगलातलं एक वानर' असं म्हटलं की गोष्ट जरा लांबून बघता येते, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. करून बघितलं. मला जमत नाही.

मला एक मोठी बहीण होती. सगुणाक्का. आई म्हातारी, बाबा लहानपणीच गेलेले, म्हणून मला वाढवलं अक्कानेच. ती मला 'अहो शहाणे' म्हणायची. मी काहीतरी मूर्खपणा केला की म्हणायची. म्हणजे दिवसभर म्हणायची.

आमच्या जंगलात जिपा येतात. जिपांत माणसं असतात. ती वाघ बघायला येतात, वाघ दिसत नाही, मग आमच्याकडे बघून वेळ काढतात. एकदा एकाने मला बिस्किट दाखवलं आणि स्वतःच खाल्लं. मला राग आला. मला राग आला की मी विचार करत नाही, आणि राग नसला तरी करत नाही. मी त्याच्या गळ्यातला कॅमेरा ओढून घेतला आणि झाडावर गेलो.

"अहो शहाणे, परत द्या तो," अक्का खालून ओरडली. "त्याच्या आईने घेऊन दिला असेल."

"मग आई दुसरा देईल!"

वर चढताना कॅमेरा फांदीवर आपटला. त्याच्या डोक्यावर एक छोटा दिवा असतो. अंधारात फोटो काढताना तो लख्खकन पेटतो. त्याला फ्लॅश म्हणतात. तो फुटला. मला वाटलं, बरं झालं, वजन कमी झालं.

मग मी फोटोग्राफर झालो. काही शिकावं लागलं नाही. कॅमेरा गळ्यात घातला की लोक आपोआप केस नीट करतात. पहिल्या आठवड्यात मी छप्पन्न फोटो काढले. त्यातले एकोणपन्नास माझ्याच शेपटीचे होते, कारण ती मध्ये यायची. पण उन्हात काढलेले असल्यामुळे शेपटी अगदी स्पष्ट आली होती.

माझा एक दोस्त होता, लहानू. लहानू म्हणजे अस्वल. जंगलात त्याच्याएवढं दांडगं कुणी नाही, पण जन्मला तेव्हा लहान होता, तेच नाव पडलं. एक दिवस तो आला आणि म्हणाला, "तुळशा, वाढदिवस करतोय."

"कुणाचा?"

"माझा."

"तू जन्मलास कधी?"

"ते कुणाला ठाऊक? पण मोठं मोहोळ सापडलंय. म्हटलं तोच दिवस धरावा. फोटो तू काढायचेस. बाहेरचा फोटोग्राफर मला नको."

"बाहेरचा आहे का कुणी?"

"नाही ना. म्हणून तर."

वाढदिवस दुपारी होता. बाहेर ऊन रणरणत होतं. अंगणात फोटो काढले असते तर आंधळ्यालाही आले असते. पण लहानूला वाटलं, घरचा कार्यक्रम घरात व्हावा. आणि लहानूचं घर म्हणजे गुहा. आत शिरलं की भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही.

मी आत जाऊन वीस फोटो काढले. वीसही काळे आले. एकविसाव्यात काहीतरी चमकलं. ते साळिंदराचं डोळा मिचकावणं होतं.

"अक्का!" मी ओरडलो.

अक्का दाराशी उभी होती. ती त्या दिवशी पाहुणी म्हणून आली होती. कानामागे पांगाऱ्याचं लाल फूल खोचलं होतं. आम्हा वानरांची तोंडं काळी असतात, फोटोत नाक कुठे आणि तोंड कुठे ते कळत नाही. पण लाल फूल कळतं. हे तिने बरोबर ओळखलं होतं. मी नव्हतं ओळखलं. मला वाटलं, सहज खोचलं असेल.

"अक्का, तुझा तो टॉर्च आण."

वनरक्षकांच्या चौकीमागे तिला एक टॉर्च सापडला होता. चांगला हातभर लांब, आत चार जाडजूड सेल. ती पळत जाऊन घेऊन आली. मी तिला एका दगडावर उभं केलं, टॉर्च धरलेला हात वर करायला लावला, आणि काय सांगू मुलांनो! गुहेत दिवस उगवला.

मग मी हुकूम सोडायला लागलो. फोटोग्राफरने हुकूम सोडायचे असतात.

"अक्का, वर! अक्का, खाली! अक्का, तुझं डोकं मध्ये येतंय. मागे हो. अजून मागे!"

ती मागे मागे होत भिंतीला टेकली.

पाहुणे आले. ससेभाऊ आपल्या चौदा पोरांना घेऊन आले. चौदा पोरांचा एकत्र फोटो काढायला मला तास लागला, कारण कुणीतरी एक नेहमी बाहेर पळायचं, आणि त्याला आणेपर्यंत दुसरं पळायचं. शेवटी फोटो काढला तेव्हा पोरं सोळा भरली. दोन कुणाची होती ते अजून कळलेलं नाही.

मोर आला आणि म्हणाला, "पिसारा पूर्ण आला पाहिजे."

"गुहेत मावत नाही हो."

"तो तुमचा प्रश्न. फोटोग्राफर कोण आहे?"

त्याने पिसारा उघडला. तिघांच्या डोळ्यांत गेला. साळिंदर दचकून फुगलं, त्याचे काटे ससेभाऊंना टोचले. मी त्या सगळ्याचा फोटो काढला. त्यात मोराचे पाय आले. मोराला स्वतःच्या पायांची लाज वाटते, म्हणून तो पुन्हा उभा राहिला. असं नऊ वेळा झालं.

मधेच मी मोठ्याने ओरडत होतो, "लहानू, इकडे बघ! डोळे उघड! अरे डोळे उघड ना! हस जरा!" लहानू काही डोळे उघडेना. मी रागावून अकरा फोटो काढले. नंतर कळलं, ती त्याची पाठ होती. तो वाकून मधाच्या पातेल्यात बघत होता.

अक्का मागून खदखदून हसली. टॉर्चचा उजेड हलला.

"अक्का, हलू नको! फोटो खराब होतोय!"

"नाही हलत," ती म्हणाली.

डावा हात भरून आला की ती टॉर्च उजव्या हातात घ्यायची. उजवा भरून आला की डाव्यात. मी बघितलं नाही, पण उजेड कधी या बाजूने पडायचा, कधी त्या बाजूने. तेवढंच माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, वा, वेगवेगळे इफेक्ट मिळतायत.

एकदा ती हळूच म्हणाली, "तुळशा, माझा एक काढ ना. फूल सुकायला लागलंय."

"अक्का, आधी पाहुणे. घरचे शेवटी. तूच ना शिकवलंस?"

आमच्यात तशी रीत आहे. पंगत बसली की पाहुणे पहिले. घरच्यांनी वाढायचं, आग्रह करायचा, आणि सगळ्यांचं झालं की उरलेलं खरवडून खायचं. बायकांनी तर सगळ्यात शेवटी. मी लहानपणी आधी हात घालायचो तेव्हा अक्का माझ्या हातावर चापट मारायची. घरच्यांचं काय, घरचे कधीही खातील.

"शिकवलंय खरं," ती म्हणाली. हात तसाच वर होता.

मोराचा नववा पिसारा चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

पाहुणे पोटभर मध खाऊन गेले. अक्का दगडावरून उतरली तर तिचा हात खाली येईना. लहानूने तो धरून हळूहळू खाली आणला.

"अक्का, तुझा राहिला," मी म्हणालो.

"असू दे रे. पुढच्या वाढदिवसाला काढ. लहानूला अजून एखादं मोहोळ सापडेलच की."

सुतार पक्ष्याचा स्टुडिओ आहे. त्याने फोटो छापून दिले. दोनशे बारा. लहानूने सागाच्या पानांचा अल्बम केला आणि त्यात चिकटवले. जो तो गुहेत येऊन बघायचा आणि एकच गोष्ट म्हणायचा, "उजेड काय सुंदर पडलाय!"

मी म्हणायचो, "त्याला अनुभव लागतो."

अक्का तिथेच असायची. एकदाही म्हणाली नाही की उजेड माझा होता. फक्त म्हणायची, "अहो शहाणे, खाली उतरा आता. जेवायचं आहे."

वाढदिवसानंतर नवव्या दिवशी अक्का गेली. माणसांनी जंगलातून विजेची तार नेली आहे. तिच्या बाजूने आम्ही रोज उड्या मारतो. त्या दिवशी अक्काचा हात तारेला लागला. गोष्टीत मरण पटकन सांगायचं असतं. मी सांगितलं. आता पुढे चला, नाहीतर मी इथेच बसून राहीन.

तर मुलांनो, कुणी गेलं की दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा गोळा ठेवतात. त्याला पिंड म्हणतात. कावळा येऊन पिंडाला शिवला की समजायचं, गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही. मग घरचे जेवतात. कावळा शिवला नाही तर सगळे बसून राहतात आणि गेलेल्याला वचनं देतात. हे करीन, ते करीन, आता जा.

आईने अक्का गेल्यापासून जेवण सोडलं होतं. दिवसातून दोन पानं चघळायची, त्यातलं एक थुंकायची. म्हणायची, "माझी पोरगी उपाशी गेली की पोटभर, ते मला कळू दे. कावळा शिवला की जेवीन." ती बसल्या जागी डुलायला लागली होती. मी धरलं की म्हणायची, "सगुणा, सोड मला."

आठव्या दिवशी कावळेसाहेब आले. आमच्या भागातले सगळे पिंड त्यांच्याकडेच असतात. ते आमच्या झाडावर बसले, पंख झटकले आणि म्हणाले, "मयताचा फोटो तयार ठेवा."

"फोटो कशाला?" चुलत आजोबांनी विचारलं.

"ओळख पटवायला. मागच्या वर्षी एका कोल्ह्याने आपण मेलो म्हणून पिंड ठेवायला लावला, आणि झुडपाआडून येऊन स्वतःच खाल्ला. तेव्हापासून फोटोशिवाय शिवत नाही. चेहरा समोरून. दोन्ही कान दिसले पाहिजेत. फोटो अलीकडचा हवा."

"आणि दात?" मी विचारलं. का विचारलं ते मलाच कळलं नाही. तोंडातून निघून गेलं.

कावळेसाहेबांनी माझ्याकडे आधी एका डोळ्याने आणि मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं.

"नाहीतर दर्भाचा कावळा करून लावतात ना?" आजोबा म्हणाले. "आमच्या वेळी गवताचा कावळा करून शिववायचे."

"बंद केलंय. गैरप्रकार फार वाढले होते." आणि ते उडून गेले.

आजोबांनी निःश्वास सोडला. "फोटोची काळजी नाही. घरात फोटोग्राफर आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा बघायला लागली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

मी झाडावरून उडी मारली आणि लहानूच्या गुहेपर्यंत थांबलो नाही.

लहानूने अल्बम बाहेर उन्हात आणला. आम्ही दोघं पानं उलटत बसलो. ससे. मोराचे पाय. साळिंदर. लहानूची पाठ. पाठ. पाठ. अजून पाठ.

"अक्का कुठेय?" लहानूने विचारलं.

"असेल पुढे."

पुढे नव्हती. शेवटपर्यंत गेलो. पुन्हा पहिल्या पानावर आलो. दोनशे बारा फोटो, आणि प्रत्येकावर तिचा उजेड. ससेभाऊंच्या मिशा मोजता येत होत्या. सोळाव्या पोराच्या नाकाला लागलेला मध दिसत होता. अक्का कुठेच नव्हती.

"मीच तिला मागे हो म्हणालो," मी म्हणालो.

"मीही ऐकलं होतं," लहानू म्हणाला. मग त्याला वाटलं असं बोलायला नको होतं. तो म्हणाला, "पण आवाज फार मोठा नव्हता तुझा."

मी अल्बम भिरकावला. मग जाऊन उचलून आणला. असं मी तीनदा केलं. चौथ्यांदा भिरकावणार होतो तेवढ्यात लहानू ओरडला, "थांब. हे बघ!"

एका फोटोच्या कडेला कोपर होतं. केसाळ, वाकलेलं. वानराचं.

मग आम्ही नाक फोटोला लावून शोधायला लागलो. मोराच्या पिसाऱ्याच्या एका डोळ्यामागे खांदा सापडला. सशांच्या मागे भिंतीवर शेपटीची सावली सापडली. साळिंदराच्या काट्यांमधून एक कान दिसला. कानामागे लाल ठिपका होता. अजून एक कोपर. एक गुडघा. तिसरं कोपर.

"चेहरा?" मी म्हणालो.

लहानूने आपल्या पाठीचे अकरा फोटो काढून ओळीने मांडले. सातव्यावर त्याने नख ठेवलं. पाठीच्या पलीकडे मधाचं पातेलं होतं. पितळेचं, घासून लख्ख केलेलं. त्याच्या पोटावर अक्काचा चेहरा पडला होता. भोपळ्यासारखा रुंद झालेला. तोंड उघडं, सगळे दात बाहेर. ती हसत होती.

"कशाला हसतेय एवढी?" मी विचारलं.

"तू माझ्या पाठीला डोळे उघड म्हणत होतास ना, तेव्हाचं आहे."

मी तो फोटो उचलून उन्हात धरला.

"लहानू," मी म्हणालो, "फाडावे लागतील रे. तुझा वाढदिवस आहे हा. पुन्हा छापायचे म्हटले तरी कॅमेऱ्यात आता काही नाही. मी रागात आतलं कार्ड चावून टाकलंय."

"कधी?"

"ती गेली त्या दिवशी."

लहानूने पाठीचे बाकीचे दहा फोटो गोळा केले आणि बाजूला ठेवले. "हे दहा मला पुरे आहेत. बाकीचे फाड."

मी दातांनी फाडले. डिंकाने चिकटवले. डिंक लहानूने काढून आणला. खांदा बसवला, त्यावर चेहरा बसवला. चेहरा खांद्यापेक्षा मोठा होता. कान एकच होता, तो डाव्या बाजूला लावला, फुलासकट. गुडघा कुठे लावायचा ते कळेना, म्हणून खाली लावला. कोपरं तीन झाली. दोनच लावायची होती, पण तिसरं टाकून देणं मला जमेना.

सुतार पक्षी ते बघायला आला. त्याने मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे केली. "हे मॉडर्न आहे," तो म्हणाला आणि घाईघाईने निघून गेला.

दहाव्या दिवशी सकाळी सगळे नदीकाठी जमले. दगडावर पिंड ठेवला. वर काळे तीळ घातले. तांदूळ कुठून आणला ते विचारू नका. शेजारी मी फोटो टेकवून ठेवला आणि त्याला रानफुलांचा हार घातला. हार मुद्दाम जाड केला होता. बरंच काही त्याखाली झाकलं जाईल असं वाटलं. पण कोपरं बाहेर आली.

माणसं, म्हणजे वानरं, कुजबुजायला लागली. आजोबा म्हणाले, "तुळशा, हे काय आहे?"

"अक्का आहे."

कावळेसाहेब आले. फोटोसमोर उतरले. डाव्या डोळ्याने बघितलं, उजव्या डोळ्याने बघितलं. फोटोच्या मागे जाऊन बघितलं.

"कान एकच आहे."

"दुसरा काट्याआड गेला," मी म्हणालो.

"कोपरं तीन आहेत."

तेवढ्यात आई उठली. लहानूने तिला धरलं. ती फोटोपाशी येऊन बसली आणि बोट लावून मोजायला लागली. एक. दोन. तीन.

"तीनच?" ती म्हणाली.

"आई, मला तेवढीच सापडली."

"एका कोपराने तुला काखेत धरायची. एकाने मला ढकलायची, 'सरक आई, मी करते.' आणि एकाने ती आलेल्या पाहुण्याला वाढायची. तीन म्हणजे कमीच आहेत, बाबा. माझ्या पोरीला सात-आठ तरी होती."

आणि आई हसली. तिचे दात दिसले. त्यातले तीन पडलेले आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग हसता हसता ती तशीच फोटोवर वाकली आणि तिची पाठ हलायला लागली.

कावळेसाहेब घसा खाकरून म्हणाले, "ओळख पटत नाही."

"तिच्या आईने ओळखली की!" लहानू ओरडला.

"आईची ओळख चालत नाही. आई कुणालाही ओळखते."

ते उडून समोरच्या फांदीवर जाऊन बसले आणि चोच पंखात खुपसली.

मग वचनं सुरू झाली. आजोबा पुढे आले. "सगुणा, तुझ्या आईला आम्ही बघू!" कावळेसाहेब हलले नाहीत. मावशी आली. "सगुणा, तुझ्या झाडाला कुणाला हात लावू देणार नाही!" हलले नाहीत. लहानू म्हणाला, "अक्का, मी पुन्हा वाढदिवस करणार नाही!" कावळेसाहेबांनी एक डोळा उघडला आणि मिटला. वचनं त्यांच्या नियमात नव्हती.

ऊन चढलं. दगड तापला. भाताच्या कडा सुकून पिवळ्या पडायला लागल्या. जेवायला आलेले पाहुणे सावली बघून बसले. दोघं-तिघं डुलक्या घ्यायला लागले.

आई डुलायला लागली. एकदा पुढे, एकदा मागे. मग एकदा पुढे गेली ती मागे आलीच नाही. लहानूने तिला झेललं. तिचे डोळे उघडे होते, पण ओठ पांढरे पडले होते.

"आई, दोन घास खा ना," मी म्हणालो.

"शिवू दे आधी."

मी फांदीकडे बघितलं. पिंडाकडे बघितलं. आईकडे बघितलं. आणि मुलांनो, तुम्हाला सांगितलंच आहे, मी विचार करत नाही.

मी दगडापाशी गेलो. खाली बसलो. हात मागे बांधले. तोंड पिंडात घातलं.

मग वर बघून, जेवढ्या मोठ्याने येईल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "काव."

पाहुण्यांच्या डुलक्या मोडल्या. आजोबांच्या हातातलं पाण्याचं पान पडलं. "अरे, बाटवलंस! पिंड बाटवलास! हा काय पोरखेळ आहे?"

"नियमबाह्य!" फांदीवरून आवाज आला. "पूर्णपणे नियमबाह्य!"

मावशी रडायला लागली. ससेभाऊंची पोरं हसायला लागली. लहानू तेवढा जागचा हलला नाही. त्याने आईला धरून ठेवलं होतं.

आईने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाला भात लागला होता, नाकाला तीळ लागले होते. ती कितीतरी वेळ बघत राहिली. तिला काय दिसलं ते मी तिला कधी विचारलं नाही.

"शिवला," ती म्हणाली.

"अगं, कोण शिवला? हा आपला तुळशा आहे!" आजोबा म्हणाले.

"मला दिसतंय ना. शिवला कावळा. वाढा आता. पोरं कधीची उपाशी बसली आहेत."

तिच्यापुढे पान ठेवलं. पहिला घास तिने हातात धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला तिने पाणी मागितलं.

कावळेसाहेब फांदीवरून खाली उतरले आणि उड्या मारत दगडाकडे यायला लागले. त्यांनाही सकाळपासून काही मिळालं नव्हतं. मी दगडाला मिठी मारली. भात सुकून कडक झाला होता. घशात अडकत होता. मला जेवण जात नव्हतं, मलाही दहा दिवस जात नव्हतं. तरी मी खात राहिलो. तिळासकट सगळा खाल्ला. दगडाला चिकटलेली शितं नखाने खरवडली आणि तीही खाल्ली.

अक्कासाठी मी शेवटचं काही केलं असेल, तर ते हे.

तात्पर्य : अंधाऱ्या जागी मित्राच्या पार्टीचे फोटो काढायचे असतील तर उजेड धरायला नेहमी घरचंच माणूस घ्यावं. ते दमलं तरी हात खाली घेत नाही, आणि फोटोत कधी मध्ये येत नाही.